एक्केचाळिसावा रोगी

नागोरावांनी तिसऱ्यांदा मोजले, तरी शाळेच्या ओसरीवर माणसे अकराच भरली. वहीत नावे चाळीस होती, आणि हैदराबादेहून आलेले डॉक्टर सुधाकरराव खुर्चीत बसून सारखे घड्याळ पाहत होते.

गुडघेदुखीच्या नव्या गोळीची परीक्षा बेल्याजवळच्या या गावात दोन महिने चालली होती. वीस जणांना खरी गोळी, वीस जणांना अगदी तशीच दिसणारी पिठाची. कोणाला कोणती, ती यादी डॉक्टरांच्या पेटीत सीलबंद होती. नागोरावांचे काम एवढेच, की दर आठवड्याला गोळ्या वाटायच्या आणि शेवटच्या दिवशी चाळीसच्या चाळीस हजर करायचे. आकडा पुरा भरला तर हंगामी नोकरी कायम, नाही तर बसा घरी. त्यांच्या बायकोने, रुख्मिणीने, तर नोकरी कायम झाल्याचे माहेरी कळवूनही टाकले होते.

"कसं आहे आता, रामाजी?" डॉक्टरांनी पहिल्याला विचारले.

"लय वाईट जी. पायरी चढवत नाही," रामाजी कण्हले. उरलेल्या दहांनीही तेच रडगाणे गायले.

डॉक्टरांनी पेन उघडले. "अकरापैकी अकरांना गुण नाही. म्हणजे गोळी शंभर टक्के निकामी."

"अकरा काऊन जी?" नागोरावांनी वही पुढे केली. "गोळ्या तं चाळीस जनायनं खाल्ल्या!"

"मग बाकीचे एकोणतीस कुठं आहेत?"

"कापूस येचाले गेले. बरे झाले म्हनून तं गेले! ज्याचा गुडगा चालते, तो हंगामात डॉक्टरपाशी कायले येईन?"

डॉक्टर थबकले. मुद्दा बिनतोड होता. ओसरीवर बसून मोजले तर जग आजारीच दिसणार. "चला, वावरात जाऊन मोजू," म्हणत ते उठले.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला मात्र, पायरी न चढवणारे रामाजी ओसरीचा कठडा ओलांडून मागच्या फळीवर जाऊन बसले. पाठोपाठ आणखी पाच.

"हे काय?" डॉक्टर ओरडले.

"बरा हाय म्हनलं तं घरचे येचाले धाडतेत जी," रामाजी ओशाळून म्हणाले. "गुडगा तं दसऱ्यापासूनच बेस हाय."

डॉक्टरांनी अकरा खोडून पाच केले.

वावरात एकोणतीस जण रांगेने कापूस वेचत होते. डॉक्टरांनी एकेकाला उठवले, बसवले, गुडघे दाबून पाहिले. सगळे ठणठणीत. नागोरावांचा चेहरा खुलला. डॉक्टरांनी मोठ्या उत्साहाने यादीचे सील फोडले, नावे ताडून पाहिली आणि यादी पुन्हा एकदा वाचली.

"जीपमधले सहा धरून बऱ्या झालेल्यांत खऱ्या गोळीचे सतरा. पिठाचे अठरा. अहो, पीठ जिंकलं की!"

"पीठ कोनीच नुसतं खाल्लं नाही जी," वेचणाऱ्या बायांची पुढारीण तुळजाबाई ओटीतला कापूस सावरत म्हणाली. "नागोरावनं पयल्याच दिवशी सांगतलं, अर्ध्यायले औषद, अर्ध्यायले पीठ. एका गावात असा भेदभाव? म्या दर आठवड्याले साऱ्यायच्या गोळ्या टोपल्यात एक केल्या अन परसादावानी सारख्या वाटल्या."

नागोरावांनी कपाळावर हात मारला. रोग्यांना खरे सांगायचे हा नियमच होता, आणि त्यांनी तो इमानेइतबारे पाळला होता. आता चाळीसही गेले आणि नोकरीही गेली. त्यांना अगदी रडू कोसळायचे बाकी राहिले.

डॉक्टर मटकन बांधावर बसले. थोड्या वेळाने उठू लागले तर उठवेना. काळ्या ढेकळांतून चालून त्यांचेच गुडघे धरले होते. तुळजाबाईने पदराची गाठ सोडली. "घ्या जी. दोन उरल्या हायत."

वैतागाच्या भरात डॉक्टरांनी दोन्ही गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या. मग झाडाखाली बायांबरोबर भाकर खाल्ली, आणि तासाभराने ते जीपकडे तरातरा चालू लागले. मागे नागोराव धापा टाकत होते.

"लय जोरात चालून राह्यले जी तुमी!"

डॉक्टर थांबले. त्यांनी गुडघा दोनदा वाकवून पाहिला. दुखत नव्हता. कोणती गोळी लागू पडली, ते देवालाही सांगता आले नसते. मागे वळून पाहतात तो नागोराव वहीत काही लिहीत होते.

"काय लिहिताय?"

"एक्केचाळीस. डॉक्टर सुधाकरराव, हैदराबाद. गोळ्या दोन, गुण एका तासात."

"अहो, खोडा ते!"

"एक बी रोगी सोडू नका, असं तुमीच सांगतलं होतं जी."

परीक्षा घेणाऱ्यानेच कोणाच्या पदरातली कसलीशी गोळी खाल्ली आणि वर बराही झाला, हे हैदराबादेत कळले तर काय होईल, ते डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. बाया लांब होत्या.

"नागोराव," ते हळूच म्हणाले, "पुढच्या गावची परीक्षाही तुम्हीच घ्यायची."

"हंगामी का जी?"

"कायम. आता ते पान फाडून द्या मला."

नागोरावांनी वही मिटून काखेत मारली.

"पयले ऑर्डर येऊ द्या जी," ते म्हणाले. "मंग पान."