अण्णांच्या पियानोतले स्क्रू

अण्णांच्या घरात कुकरची शिट्टी झाली की कुणी बोलायचं नाही. "सुम्म इर्री!" म्हणून ते बोट वर करतात आणि कुकरपुढं मोबाइल धरतात. मी मुळात गप्पच असते, तरी मलाच गप्प बसवतात.

अण्णा केशवापुरातले निवृत्त गणिताचे मास्तर. एकटेच राहतात, झाडलोट, स्वयंपाक माझ्याकडं. मिक्सर, नळ, माझा झाडू, सगळ्यांचे आवाज ते धरून ठेवतात, कॉम्प्युटरवर ताणतात, उलटे करतात आणि त्यांच्या जोडीनं पियानो वाजवतात. मागच्या महिन्यात चार दिवस गेटला मोबाइल बांधून जास्वंदीमागं बसले होते.

"काय धरताय अण्णा, पाल?" शेजारच्या सुमित्राक्कांनी विचारलं.

"सुम्म इर्री!"

गेल्या रविवारी ते पहिल्यांदाच लोकांपुढं वाजवणार होते. सहाला वीसेक माणसं घरी यायची होती. भिंतीवर पांढरी चादर लावली होती, तिच्यावर चित्रं दिसणार होती. अण्णा खुर्च्या आणायला गेले आणि मी पियानो पुसायला घेतला. झाकण उघडलं तर आत तारांमध्ये स्क्रू, खोडरबरं, कपड्यांचे चिमटे! यव्वा, पाहुणे काय म्हणतील? सगळं काढून लखलखीत केलं.

साडेपाचला अण्णांनी झाकण उघडलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी काढलं?"

"मी."

"आवाज बदलायला मुद्दाम खोचलं होतं हो! तीन आठवडे लागले." ते स्टुलावर बसलेच. "येऊ नका म्हणून सांगा सगळ्यांना."

एरवी मी गप्प राहिले असते. पण बोलले. "ओळीनं ठेवलंय."

फडताळ पुसताना डबे मांडते तसंच, डावीकडून उजवीकडं, पेपरवर मांडलं होतं. मी तारेवर बोट ठेवायची, ते खोचायचे. बाहेर चपला वाजायला लागल्या. शेवटी एक खोडरबर उरलं. त्याची जागा काही आठवेना. अण्णांनी डोळे मिटून कुठंतरी दाबलं.

वाजवणं सुरू झालं. कुकर हत्तीसारखा ओरडला, नळ उलटा वाहिला. मध्येच एक पट्टी नुसती 'ठक्' झाली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. पुढच्या रांगेतल्या एका वकिलांनी मात्र मान डोलावली.

शेवटी चादरीवर अण्णांचं बंद गेट दिसलं. अण्णांनी हात मांडीवर घेतले. बऱ्याच वेळानं कडी निघाल्याचा बारीकसा आवाज आला, आणि संपलं.

माणसं गेल्यावर कप उचलताना मी विचारलं, "कडी कशाला, अण्णा?"

"सकाळी एकदाच वाजते. मग घरात माणूस असतं." रिकामा कप माझ्याकडं देत म्हणाले, "किती हळू काढता हो तुम्ही! चार दिवस लागले धरायला."

दुसऱ्या दिवशी मी कडी खणकन आपटली. आतून 'सुम्म इर्री' काही आलं नाही.