पडद्याआडून दुरुस्ती

घरातल्या कॉम्प्युटरची थोडी साफसफाई करावी, असं मला त्या शुक्रवारी संध्याकाळी वाटलं. असं वाटण्याआधी माणसाला ठेच लागावी, वीज जावी, निदान पाहुणे यावेत. पण त्या दिवशी कम्पालातली वीजसुद्धा व्यवस्थित होती.

कारण अगदी साधं होतं. मॅच रेकॉर्ड करायची होती आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पाटी सारखी डोकं वर काढत होती की 'बूट'ची जागा भरत आली आहे. आता मी कॉफी संघाच्या कचेरीत साधा कारकून असलो, तरी तिथे मला सगळे इंजिनियर म्हणतात. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला होता, त्याचं हे फळ. (कागद फाटला होता. अर्धा तुकडा मी खिशात घातला.) अशा माणसाला पाटीची भीती वाटत नाही. मी बूट नावाचं फोल्डर उघडलं. आत ओळखीचं काहीच नव्हतं, पण मोठमोठ्या आकाराच्या फायली होत्या. मी विचार केला, बूट म्हणजे कॉम्प्युटर सुरू होण्याचं सामान. कॉम्प्युटर तर सुरू झालेला आहे. चूल पेटल्यावर काडी कुणी हातात धरून बसतं का? मी सगळं पुसून टाकलं. कॉम्प्युटरनं मध्ये एकदा पासवर्ड विचारला, तोही मी रुबाबात दिला.

विशेष म्हणजे कॉम्प्युटर छान चालत राहिला. मॅचही छान रेकॉर्ड झाली. (आमचा संघ चार गोलनी हरला.) मी समाधानानं बटण दाबून तो बंद केला.

शनिवारी सकाळी बायकोनं बटण दाबलं आणि तो सुरू झाला नाही.

इथे बायकोबद्दल सांगायला हवं. नबोसा शेतकी खात्यात आहे आणि केळीवर पडणाऱ्या रोगावर प्रबंध लिहिते आहे. दोन वर्षं ती गावोगाव केळी मोजत हिंडली. पानं किती पिवळी पडली, घड कधी कुजला, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये. सोमवारी सकाळी प्रबंध विद्यापीठात द्यायचा होता, नाहीतर पुढचं वर्ष. दर शुक्रवारी त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचं काम तिनं विश्वासानं माझ्यावर सोपवलं होतं. पहिले काही शुक्रवार मी ते केलंही. पुढे फुटबॉलचा मोसम सुरू झाला आणि पेनड्राइव्हवर जागा पुरेना.

"रात्री तुम्ही बसला होतात ना यावर? काय केलंत?" तिनं विचारलं.

"काही नाही. मॅच बघितली," मी म्हणालो. हे खरंच होतं, फक्त पुरेसं नव्हतं.

तिनं आईला फोन लावला. माझ्या सासूबाई शिक्षकांच्या कॉलेजात कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुख होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी विभागातला एक जुना कॉम्प्युटर विकत घेतला, त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं आणि लेकीला दिला. त्यांना जुळं झालेलं असल्यामुळे सगळे मानानं नालोंगो म्हणतात. फोनवर नबोसाला स्क्रीनचं वर्णन करता येईना. (केळीचं विचारलं असतं तर तिनं तासभर केलं असतं.) शेवटी नालोंगो म्हणाल्या, मीच येते. मुकोनोहून त्या टॅक्सीनं आल्या आणि येताना सेंगाला, म्हणजे नबोसाच्या आत्याला, बरोबर घेऊन आल्या.

आमच्याकडे जावयानं सासूच्या समोर यायचं नसतं. एका खोलीत बसायचं नाही, हात मिळवायचा नाही, तोंडाकडे पाहायचं नाही. जो हे मोडतो त्याचे हात कायमचे थरथरायला लागतात, आणि त्या दुखण्याला ओबुको म्हणतात. शहरात पुष्कळांनी हे सोडून दिलंय, पण त्यांच्याकडे आमची सेंगा नाही. आठ वर्षांच्या संसारात मी सासूबाईंची पाठ, छत्री आणि टॅक्सीच्या खिडकीतून एकदा कोपर, एवढंच पाहिलं होतं. आमचं बोलणं भिंतीआडून, मध्ये कुणाला तरी घालून व्हायचं. प्रकृती बरी आहे का, आहे, पाऊस झाला का, झाला. इतकं सुरळीत नातं माझं दुसऱ्या कुणाशीही नाही.

त्यात कॉम्प्युटर होता झोपायच्या खोलीत. (पडून मॅच बघता येते.) जावयाच्या झोपायच्या खोलीत सासूनं पाऊल टाकणं हे तर कुणी बोलूनही दाखवत नाही. त्यामुळे व्यवस्था अशी झाली की नालोंगो बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून खुर्चीवर, शेजारी सेंगा, मी आत कॉम्प्युटरपाशी आणि दाराच्या पडद्यात नबोसा, अर्धी आत, अर्धी बाहेर.

नालोंगोंनी पहिल्यांदा सुचवलं की कॉम्प्युटर बाहेर आणून द्यावा आणि जावईबापूंनी जरा फिरून यावं. आता तो बाहेर गेला असता तर बूट फोल्डर रिकामं आहे, हे त्यांना चहा निवायच्या आत कळलं असतं. म्हणून मी सांगितलं की अशा अवस्थेत त्याला हलवणं बरोबर नाही.

"ते म्हणतात हलवलं तर त्रास होईल," नबोसानं बाहेर कळवलं.

"कुणाला?" बाहेरून प्रश्न आला. तो मी ऐकला नाही असं दाखवलं.

मग त्यांनी विचारलं, स्क्रीनवर काय लिहिलंय. स्क्रीनवर तीन ओळी होत्या. पहिली म्हणत होती की कर्नेलची, म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर जागा होतो त्या गाभ्याची, फाइल सापडत नाही. दुसरी म्हणत होती की आधी कर्नेल आणा. तिसरी म्हणत होती, पुढे जाण्यासाठी कोणतंही बटण दाबा. मी तिसरी वाचून दाखवली.

नालोंगो म्हणाल्या, मग दाबा. मी दाबलं. काय झालं, तर पुन्हा तेच. दुसरं दाबा. तेही दाबलं. असं करत करत मी एकेक करून सगळी बटणं दाबली, आणि प्रत्येक वेळी नबोसा बाहेर जाऊन निकाल सांगून येत होती. तिच्या चेहऱ्यावर आशा होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी बटणांकडे बघत होतो.

पुढे दोन तास जे झालं ते मी कचेरीत कुणाला सांगितलेलं नाही. मला सांगण्यात आलं की खोकं उघडा. मी उघडलं. आतली मेमरीची पट्टी काढा, खोडरबरानं घासा, परत बसवा. मी घासली. पंख्यातली धूळ काढा. मी फुंकर मारली आणि ती सगळी धूळ माझ्या डोळ्यांत, नाकात आणि नव्या शर्टावर आली. तारा काढा, तारा लावा. मला पक्कं माहीत होतं की यातल्या कशाचाही उपयोग नाही. चुकीच्या औषधाचा डोस दुसऱ्याला देण्याऐवजी आपणच घेत बसावं, तसं ते होतं. नालोंगो मात्र अतिशय शांतपणे एकामागून एक शक्यता बाद करत होत्या, आणि मी प्रत्येक वेळी त्यांना थोडं आणखी दूर पाठवत होतो.

या घासाघाशीत माझे हात थरथरत होते. ते नबोसानं पाहिलं आणि काळजीनं बाहेर सांगितलं.

"ओबुको," सेंगा लगेच म्हणाली. "यानं कधीतरी नालोंगोचं तोंड पाहिलंय. लग्नातच मला संशय आला होता."

मी आतून सांगितलं की फक्त कोपर पाहिलंय. त्यावर कोणत्या हाताचं, अशी चौकशी सुरू झाली आणि दहा मिनिटं कॉम्प्युटर बाजूला राहिला. मला तेवढाच श्वास घ्यायला मिळाला.

मग नालोंगोंनी पर्समधून एक पेनड्राइव्ह काढून आत पाठवला. त्यावर आख्खं लिनक्स होतं. तो लावून कॉम्प्युटर सुरू केला की आतली डिस्क उघडून बघता येते, सगळं दिसतं. हे 'सगळं दिसतं' मला पसंत पडलं नाही. मी पेनड्राइव्ह मुठीत धरला, थोडा वेळ जाऊ दिला, एकदोनदा गंभीरपणे खाकरलो आणि सांगितलं, "काही उपयोग नाही. हूं की चूं करत नाही."

मग नालोंगो लेकीशी बोलल्या, पण आवाज मला ऐकू आला.

"बाळ, पेनड्राइव्हनंही उठत नसेल तर संपलं. डिस्कही गेली असणार. सरांना फोन कर आणि पुढच्या वर्षाचं विचार. प्रत असेलच ना तुझ्याकडे?"

नबोसानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिला काय समजायचं ते समजलं. ती पडद्यातच खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं नाही. ती दोन वर्षं उन्हातान्हात चिखलातून फिरली तेव्हा रडली नव्हती, दोनदा खचाखच भरलेल्या टॅक्सीतून पडली तेव्हाही नाही. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. (आणि मला संधी पुष्कळ मिळाल्या आहेत.) इंजिनियर ही पदवी जपायला मी बायकोची केळी पुरायला निघालो होतो.

मी उठलो, पडद्याजवळ गेलो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा, मध्ये कुणाला न घालता, थेट सासूबाईंशी बोललो.

"नालोंगो, डिस्क गेलेली नाही. पेनड्राइव्ह मी लावलाच नाही, तो माझ्या मुठीत आहे. बूट फोल्डरमधलं सगळं मी काल पुसलं. मॅचला जागा हवी होती."

बाहेर खुर्ची करकरली. नालोंगो अर्थातच मला उत्तर देणार नव्हत्या. त्यांनी भिंतीला विचारलं, "भिंती, त्यांना विचार, फक्त बूटच पुसलं की आणखी कुठे साफसफाई केली?"

"फक्त बूट," मी भिंतीला सांगितलं.

"मग केळी जिवंत आहेत," नालोंगो म्हणाल्या. "आणि त्यांना सांग, पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं ते. मी तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं, की पाटी खालून वाचू नका."

यानंतर सगळं झटपट झालं. त्या दोघी व्हरांड्यात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, मी कॉम्प्युटर उचलून बाहेरच्या खोलीत ठेवला आणि मागच्या दारानं अंगणात गेलो. मग त्या आत आल्या. न भेटता घरात जागा बदलण्याचा आम्हाला चांगला सराव आहे.

मी फणसाच्या झाडाखाली घरमालकाच्या कोंबड्यांत बसून राहिलो. आतून टाइप केल्याचा आवाज येत होता, भरभर आणि न थांबता. मी दोन बोटांनी टाइप करतो, त्यामुळे मला तो पावसासारखा वाटला. मधूनच नालोंगो नबोसाला काहीतरी समजावत होत्या. एकदा मला माझं नाव ऐकू आलं आणि पाठोपाठ तिघींचं हसणं. ते हसणं ऐकून मला बरंच वाटलं.

थोड्या वेळानं नबोसा बाहेर आली. डोळे लाल होते, पण नीट चालत होती.

"आहे," ती म्हणाली. "सगळं आहे. शेवटच्या तक्त्यापर्यंत." मग म्हणाली, "अहो, प्रत ठेवायच्या पेनड्राइव्हवरच्या त्या सगळ्या मॅच आईनं पुसल्या. प्रबंधाला जागा हवी होती."

मी म्हटलं, बरोबरच आहे. आणखी काय म्हणणार? तिनं माझ्या शर्टावरची धूळ झटकली, जरा जोरातच, आणि आत गेली. सोमवारी प्रबंध वेळेवर पोचला.

पण शनिवार अजून संपला नव्हता. निघताना सेंगा एकटीच अंगणात आली. तिनं काठी टेकली आणि मला उभं राहायला सांगितलं.

"जावईबापू, नालोंगोच्या घरून तुम्हाला काय काय आलं?"

"नबोसा," मी म्हणालो.

"आणि?"

"कॉम्प्युटर."

"नबोसा तुम्हाला रीतसर दिली. तिचा आम्ही सोहळा केला, तुम्ही बकऱ्या आणल्या, ती तुमची. कॉम्प्युटरचा सोहळा झाला नाही. तो अजून नालोंगोच्या घरचा. म्हणजे तो तुमचा कोण?"

उत्तर तिनंच दिलं. आजपासून कॉम्प्युटर माझी सासू. त्याच्या खोलीत मी बसायचं नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या तोंडाकडे पाहायचं नाही. विचारपूस करायची असेल तर पडद्याबाहेरून, आदरानं.

मला वाटलं गंमत करते आहे. पण पुढच्या आठवड्यात बाहेरच्या खोलीत एक कोपरा मोकळा झाला, तिथे टेबल आलं आणि टेबलासमोर जाड कापडाचा पडदा लागला. संध्याकाळी नबोसा आत काम करत असते आणि मी व्हरांड्यात बसतो. मधूनच खाकरून विचारतो, "बरे आहेत ना?" आतून उत्तर येतं, "बरे आहेत." मग मी पावसाबद्दल काहीतरी बोलतो.

याला आता वर्ष होईल. या वर्षात तो कॉम्प्युटर एकदाही बंद पडलेला नाही, अडलेला नाही, त्यानं साधी पाटीसुद्धा दाखवलेली नाही. आणि सासूबाईंचं आणि माझं इतक्या वर्षांत एकदाही वाजलं नाही, याचं श्रेय मी आजवर माझ्या स्वभावाला देत आलो होतो.