शिवकन्येच्या केसांवरील स्वारीची हकिकत

कुलस्वामिनीस दंडवत घालोन आणि तेलफणीच्या डब्यास हात जोडोन ही हकिकत लिहिली जाते. पिंगळी टेसणापासून हाकेच्या अंतरावर, बन्सीधररावांच्या चार पत्र्यांच्या दौलतीत, वैशाखाच्या भर उन्हात जे घडले ते जसे घडले तसे येथे नमूद होते. यांत पदरचे कांही घातले नाही, आणि कोणाची भीड धरिली नाही.

दौलतीची एकुलती नात शिवकन्या. उमर पांच सरोन सहावे लागलेले, रूपाने देखणी, वाणीने तिखट, मात्र मस्तकीचे केस ऐसे बंडखोर कीं सकाळी चहूंदिशांस फाकलेले, दुपारी वारा सुटला कीं आभाळाकडे निघालेले, आणि आभाळ भरून हवा दमट जाहली कीं दुप्पट फुगून खासा स्वारीच्या आधी उंबरा ओलांडणारे. गल्लीतील पोरांनी तीस 'येडी बाभळ' हा किताब बहाल केला, आणि तो किताब घेऊन ती रोज सांजचे रडत घरी येई, आणि मग तिची माय मंजुषा तिला पोटाशी धरी आणि केसांत बोटे घालू जाई, तों बोटेच अडकून पडत.

या राज्याच्या खऱ्या मालकीण म्हणजे आजी धुरपताबाई. पदर कपाळाच्या निम्म्यावर, अंबाडा तेलाने ऐसा आवळलेला कीं आंत काय ऐवज आहे हे सुनेने सहा-सात वर्षांत पाहिले नव्हते. त्यांचे मत ठाम होते कीं आमच्या घराण्यांत ऐसे केस कोणाचेही नाहीत; हा गुन्हा सुनेच्या माहेरचा, गंगाखेडकरांचा. मंजुषाचे स्वतःचे केस सुतासारखे सरळ, परंतु इलजाम तो इलजाम. बिचारीने माहेरी फोन लावोन मयत चुलत आत्यापावेतो तपास केला. सर्व सरळ निघाले. धुरपताबाईंनी हा पुरावा नामंजूर केला आणि फर्मान काढिले कीं, येत्या रविवारी कटिंगवाल्या नागनाथास घरी बोलवावे आणि पोरीचे टक्कल करावे, म्हणजे नवे केस येतील ते काळेभोर आणि सरळ येतील.

हे ऐकोन शिवकन्येने आपली दौलत काढिली. बापाने पहिलीच्या शाळेसाठी परभणीहून आणलेल्या लाल साटीनच्या दोन रिबिनी, ज्या ती उशाला घेऊन निजत असे, त्या तिने आजीसमोर धरिल्या.

"मग ह्या काय कानाला बांधू?"

सवाल बिनतोड होता. बाप योगीराज याने तटस्थ राहण्याचे ठरविले. तो स्वतःच्या मस्तकावरील मुलूख रोज थोडथोडा गमावत होता, तेणेंकरून केसांच्या राजकारणांत त्याच्या शब्दास वजन उरले नव्हते. अखेरीस बन्सीधरराव बाजेवरून उठले आणि त्यांनी तह घडविला: रविवारी न्याहारीपूर्वी धुरपताबाईंनी स्वहस्ते फणी घालावी, ती टाळूपासोन शेंड्यापावेतो सुखरूप उतरली तर वस्तरा माघारी जावा, फणी अडकली, अथवा पोर रडली, तर टक्कल.

मग मंजुषाने मोहीम मांडिली.

पहिली चाल परभणी शहरावर. लेकीस घेऊन ती तेथील एका पार्लरांत दाखल जाहली, आणि तेथील बाईसाहेबांनी दोन बोटांनी एक बट उचलून, जणू गाईच्या शेपटीची गोचीड पाहावी तैसे पाहिले, आणि औषध लावोन गरम यंत्राने इस्त्री करण्याची मसलत दिली. इतक्यांत शेजारच्या खुर्चीवरील नवरीच्या मस्तकांतून वाफ निघाली. शिवकन्येने मायचा पदर ऐसा घट्ट धरिला कीं फौज तिथोनच माघारी फिरली.

दुसरी चाल खोबरेल तेलाची. ओंजळभर तेलाने केस घटकाभर दबले आणि मंजुषास फत्ते दिसो लागली, तों शिवारांतून वावटळ उठली आणि अवघी धूळ त्या तेलावर येऊन बसली. मग बोअरच्या क्षाराच्या पाण्याने डोके धुतले, आणि टॉवेलाने खसखसा पुसले, आणि कोरडे झाल्यावर विंचरले. तेव्हां जे उभे राहिले त्यास केस म्हणावे कीं कडब्याची पेंढी, याचा निवाडा कोणास करवेना.

त्या दिवशी माय पराभूत होऊन चुलीपाशी बसली. डाळ शिजेतोवर फोन उघडोन तिने जाणत्या बायकांचे बोल ऐकिले, आणि एकेक गोष्ट मनांत धरिली. ऐसे केस कोरडे विंचरू नयेत. ओले असतांच बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने, आणि तेही शेंड्यापासोन वर. टॉवेल घासू नये, मऊ सुती कपड्याने नुसते टिपावे. आणि जवस पाण्यांत उकळोन त्याचा जो बुळबुळीत गर निघतो, तो ओल्या केसांस चोपडावा. जवस म्हणताच मंजुषाची कळी खुलली, कारण चटणीच्या जवसाची बरणी फळीवर होती. योगीराजाचे जुने बनियन जप्त करण्यांत आले. तटस्थांस लढाईत ऐसाच खर्च सोसावा लागतो.

शनिवारी सांजेस गर निघाला आणि पातेल्यांत निवत ठेविला. पुढे जो घात जाहला तो ऐसा. बन्सीधररावांचे गुडघे जुने दुखणेकरी; सुनेने आपल्यासाठीच काढा केला, ऐसे मानून त्यांनी पातेले तोंडाला लाविले आणि अवघी रसद एका दमांत फस्त केली, वर मीठ कमी पडल्याचा शेराही दिला. रविवारी पहाटेपासोन त्यांची स्वारी परसाकडे ऐसी दौडत राहिली कीं गुडघ्यांचे दुखणे विसरले गेले. मंजुषाने कपाळास हात लाविला, आणि बरणीच्या तळचे उरलेले जवस झाडून पुन्हा आधण ठेविले.

मग न्हाणींत डोके धुतले, आणि शेवटचे पाणी प्यायच्या जारमधले, क्षार नसलेले, ओतिले. आणि गर चोपडला, आणि बनियनाने टिपले, आणि पोर अंगणांत कोवळ्या उन्हांत बसविली. केस वाळत गेले तैसतैसे कारल्याच्या वेलीच्या ताण्यांसारखे एकेक वेटोळे उतरू लागले. कोणी आभाळाकडे निघेना, कोणी फाकेना. शिवकन्येने आरसा मागितला आणि बराच वेळ परत दिला नाही.

इतक्यांत नागनाथ पेटी घेऊन हजर जाहला, त्यास चहा देण्यांत आला, आणि धुरपताबाई खास उवांसाठी राखलेली बारीक दातांची फणी घेऊन बाहेर आल्या.

केस एव्हाना कोरडे जाहले होते, आणि कोरड्या कुरळ्यांत ती फणी घालणे म्हणजे बाभळीच्या काट्यांत लुगडे ओढणे. परंतु तह तो तह. फणी टाळूवरून निघाली, दोन बोटे चालली, आणि कानामागे येऊन रुतली, तरी धुरपताबाईंनी निवाडा अजोन दिला नव्हता. शिवकन्येने खालचा ओठ दातांत धरिला. डोळ्यांतून पाणी आले, मात्र आवाज म्हणोन काढिला नाही, कारण रडले कीं रिबिनी गेल्या, हे तिला पक्के ठाऊक होते.

आणि तेव्हां मंजुषाने एक गोष्ट पाहिली. धुरपताबाईंचा डावा हात, कोणी न सांगतां, गुंत्याच्या वर मुळाशी गेला आणि त्याने बट मुठींत आवळून धरिली, ऐसी कीं ओढ मुठींतच जिरावी आणि टाळूस कळ पोचू नये. ही मूठ मंजुषा पोरीच्या असंख्य रडण्यानंतर शिकली होती. तिच्या स्वतःच्या मायने तिला कधी ऐसे धरिले नव्हते. सरळ केसवालीस त्याची गरजच काय?

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "असं मुळाशी धरायला कुणी शिकिवलं तुमाला?"

धुरपताबाईंची फणी थांबली.

"शिकवतंय कोण. ज्याचं दुखतंय त्याचा हात आपोआप जातोय." मग पोरीच्या डोक्याकडे पाहोनच त्या पुढे बोलल्या. "मायनं तीनदा टक्कल केलतं माजं. ह्याच्याच पायी. पोरं लय हासायची."

शिवकन्येने ओठ सोडिला आणि मान वळविली.

"मग सरळ झाले का गं आजी?"

नागनाथाने बशींतला चहा ओढला तो परसापावेतो ऐकू गेला.

"न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी पदर मागे सारिला, आणि अंबाड्याचा आकडा काढिला, आणि आयुष्यभर तेलाने दाबून ठेविलेले ते पांढरे सैन्य हळूहळू खांद्यावर उभे राहिले. वेटोळे वेटोळ्यास ओळखीत होते.

मग धुरपताबाईंनी फणी पोरीच्या केसांतून उलटी, अलगद सोडवोन घेतली आणि नागनाथास हुकूम केला कीं काम नाही. वस्तरा रिकामा परत धाडणे दौलतीस शोभेना, म्हणोन परसांतून नुकतेच परतलेले बन्सीधरराव पकडोन आणिले गेले आणि त्यांची दाढी करण्यांत आली. गंगाखेडकरांवरील इलजाम कोणी जाहीर मागे घेतल्याचे कोठेही आढळत नाही. मात्र तो विषय त्या दिवसापासोन बंद जाहला, आणि सुनांच्या राज्यांत याहून मोठी माफी आजवर कोणास मिळाल्याचे ऐकिवांत नाही.

नागनाथ गेल्यावर धुरपताबाई पातेल्यापाशी आल्या, झाकण उचलून पाहिले आणि दुसरीकडे नजर ठेवून विचारिले:

"त्यातलं उरलंय का थोडं?"

येणेप्रमाणे मोहीम समाप्त जाहली. दर रविवारी जवस दोन डोक्यांच्या बेताने चढो लागले, बन्सीधररावांचे पातेले वेगळे मुक्रर जाहले, आणि घरची चटणी तूर्त शेंगदाण्याची ठरली. जूनमध्ये शिवकन्या दोन लाल रिबिनी बांधोन शाळेत दाखल जाहली, आणि शेंडे रिबिनींच्या बाहेर दुहेरी झुलत होते. केस सरळ जाहले नाहीत, हे येथे स्पष्ट नमूद करावे. फत्ते जाहली ती त्यांचीच.