सुभेदारांनी शिवलेली सीट

"आवं, पोती तरी धुऊन घ्या!" चंद्राबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"धुतल्यावर ताग आटतो. तुला काय कळतंय त्यातलं?" अंगणात मांडी घालून बसलेले त्यांचे यजमान, निवृत्त सुभेदार जोतीराम म्हणाले. त्यातलं त्यांनाही काही कळत नव्हतं, पण ते कबूल करतील तर सुभेदार कसले! वडिलांच्या जुन्या काळ्या फियाटची मागची सीट उचकटून त्यांनी अंगणभर पसरली होती, आणि हातातल्या दाभणाने कापडापेक्षा स्वतःची बोटंच जास्त शिवली होती.

हे सगळं व्याह्यांच्या एका वाक्यापायी झालं होतं. मुलगी क्रांतीचं लग्न सांगलीच्या साईराजशी ठरलं. नवरदेवाला रहिमतपूरला आपल्या फियाटमधूनच आणायचं, ही जोतीरामांची हौस. गाडी बघायला आलेले व्याही जयराज मागच्या सीटवर टेकले मात्र, स्प्रिंग टोचून ताडकन बाहेर आले.

"सुभेदार, ह्या डब्यात पोराचं कंबरडं मोडायचं. आमची नवी गाडी हाय की!"

"जावईबापू ह्याच गाडीतनं येतील," जोतीराम कडाडले, "आनि बूड न दुखता येतील. न्हाईतर मांडवातनंच गाडी भंगारात घालतो!"

शब्द तोंडातून गेला. सीटवाला म्हणाला, लग्नसराई संपल्यावर या. "लष्करात तंबू शिवलेत म्या, सीट काय चीज हाय!" असं म्हणून जोतीराम स्वतःच कामाला लागले. चंद्राबाईंच्या आठवणीप्रमाणे ते तंबूत नुसते झोपत, शिवणारे दुसरेच असत. असो. मोबाइलवर बघून बघून त्यांनी स्प्रिंगांवर काथ्या भरला. काथ्या टोचेल म्हणून वर तागाची पोती अंथरली, आणि त्यावर पांढरंशुभ्र पातळ कापड ताणून बसवलं. पोती सांगलीच्या एका हळदीच्या गिरणीतून फुकट मिळाली होती. सीट दिसायला झकास झाली. बसून मात्र त्यांनी कुणाला बघू दिलं नाही. पहिलं बूड जावयाचंच, असा हुकूम होता.

लग्नादिवशी सकाळी सांगलीत साईराजला हळद लागली, अंघोळ झाली, आणि नवाकोरा पांढरा कुडता-पायजमा घालून तो वडिलांसह फियाटच्या मागच्या सीटवर बसला. गाडी चालवायला खुद्द सुभेदार. पहिल्याच गतिरोधकावर सीटमधून 'फस्स' असा आवाज आला आणि मागे पिवळा ढग उठला.

"सुभेदार, भंडारा उधळताय काय?" जयराज शिंकत म्हणाले.

"रस्त्याची धूळ हाय. काचा वर घ्या."

काचा वर घेतल्या आणि ढग आतच कोंडला. वर मे महिन्याचा घाम. होणाऱ्या सासऱ्यापुढे साईराजला धड शिंकायचीही चोरी. कऱ्हाडपर्यंत तो बिचारा डोळे पुसत देवाचं नाव घेत होता.

इकडे रहिमतपूरच्या मांडवात वेगळीच आग लागली होती. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीला लावायची असते. ती आणायचं काम साईराजच्या आत्याकडे, बनाबाईंकडे होतं. बनाबाई वऱ्हाडाच्या बसने वेळेवर पोचल्या, पण हळदीची वाटी सांगलीत फ्रिजवरच राहिली.

"उष्टी हळद आल्याबिगर माझी नात पाटावर बसायची न्हाई," जोतीरामांच्या आई राहीबाईंनी जाहीर केलं.

"आवं, घरातलीच लावा की," बनाबाई म्हणाल्या.

"मग नवराबी घरातलाच बघू का?"

मुहूर्त जवळ येत चालला, आवाज चढत चालले, आणि तेवढ्यात फियाट दारात येऊन थांबली. दार उघडल्याबरोबर पिवळा लोट बाहेर पडला आणि पाठोपाठ नवरदेव आणि व्याही. दोघेही समोरून पांढरे, मागून पिवळेधमक. अख्खा मांडव खो खो हसायला लागला.

"सुभेदार, ही रस्त्याची धूळ व्हय?" जयराज स्वतःची पाठ बघायला गोल गोल फिरत होते.

जोतीरामांचं तोंड एवढंसं झालं. वडिलांची गाडी आता भंगारात जाणार!

राहीबाई काठी टेकत पुढे आल्या. समोरच्या पिवळ्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, नाकाशी नेला. "हळदच की गं ही!"

"सासूबाई, ते व्याही हायती!" चंद्राबाई कळवळल्या. "नवरदेव पलीकडं!"

राहीबाई अजिबात गडबडल्या नाहीत. त्या साईराजकडे वळल्या आणि त्याच्याही पाठीवरून हात फिरवून त्यांनी खात्री करून घेतली. "नवऱ्याच्या अंगाला लागून उरली ती उष्टी. कुठं लागली, ते शास्त्र इचारत न्हाई. सीट उसवा!"

"आई, रातध्याड खपून शिवलीया म्या!" जोतीराम गाडीच्या दारात आडवे उभे राहिले.

"पोरीचं लगीन करायचंय का सीटचं?"

कुणीतरी कात्री आणायला धावलं. चंद्राबाईंना कात्रीची गरज पडली नाही. त्यांनी एक सुटा दोरा चिमटीत धरून ओढला, आणि सगळी सीट या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन उघडली. पोतं झटकल्यावर चांगली वाटीभर हळद निघाली. ती घरच्या हळदीत कालवून राहीबाईंनी नातीच्या गालाला लावली, आणि क्रांती हसू दाबत पाटावर बसली.

उघड्यावाघड्या सीटपाशी जोतीराम एकटेच उभे होते. जयराजांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बूड न्हाई दुखलं बगा, सुभेदार. नुसतं रंगलं. गाडी ऱ्हाऊ द्या."

सुभेदारांच्या मिशा पुन्हा वर गेल्या. ते रुबाबात चंद्राबाईंकडे आले. "बगितलंस? म्हनूनच पोती धुतली नव्हती म्या."

"आनि शिवन कच्ची का घातली?"

"उसवायला सोपी जावी म्हनून!"