तीव्र आंदोलन छेडणारे नाना

माझ्या कुकरच्या शिट्ट्यांविरुद्ध मला एकदा रीतसर निवेदन देण्यात आलेलं आहे. देणारे सोलापूरच्या शुक्रवार पेठेतले आमचे शेजारी, नाना देशमाने. नुसता कागद दारातून सरकवून गेले असते तर गोष्ट वेगळी. पण सोबत दोन ज्येष्ठ कार्यकर्ते आणि मोबाइलवर फोटो काढायला तिसरा. निवेदनाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मला धरायला लावलं. "सूनबाई, कागदाकडं नको, क्यामेऱ्याकडं बघा की!" मी कणकेच्या हातानं क्यामेऱ्याकडं बघितलं. कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'पहाटेच्या शिट्ट्यांबाबत योग्य ती कार्यवाही न झाल्यास तीव्र आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.'

परिणाम काय होणार होते कोण जाणे. मी डाळ रात्रीच शिजवून ठेवायला लागले.

दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरच्या मारुतीचे पुजारी, नानांच्या निवेदनातून कुणीच सुटलेलं नाही. तसे ते जन्मजात आंदोलक नव्हेत. एका शाळेत कारकून होते, दुसऱ्यांचे अर्ज फायलीला लावता लावता निवृत्त झाले. पुढं मंदी आली. चादरीचे कारखाने आधी एका पाळीवर आले, मग बंद पडले. त्यांना कर्जं वाटून बसलेली आमच्या पेठेतली पतसंस्था एका सकाळी उघडलीच नाही. चेअरमन हवापालटाला गेले. कुठली हवा त्यांना मानवली देव जाणे, ते परत आलेच नाहीत. शटरपुढं नुसती रडारड चालली होती. त्यात माझ्या सासूबाईही होत्या, त्यांच्या निवृत्तीचं सगळं तिथंच होतं. नाना पुढं झाले, कुणाच्या तरी वहीतला कागद फाडून पहिलं निवेदन लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत ठेवीदार संघर्ष समितीचे संस्थापक अध्यक्ष होऊनच घरी आले.

दर सोमवारी सात रस्त्याजवळच्या सरकारी कचेरीबाहेर, लिंबाखाली, सतरंजी पडायला लागली. साखळी उपोषण ठरलं. दर सोमवारी एकानं उपाशी राहायचं, बाकीच्यांनी घोषणा द्यायच्या. आता सोलापुरात सोमवार म्हणजे सिद्धेश्वराचा वार, निम्म्या पेठेला उपास. नानांनी हिशेब केला की तोच दिवस धरावा, उपाशी राहायचे कष्ट वाचतील. सगळ्यांना पटलं. मात्र उपास म्हटल्यावर आमच्या बायका हात हलवत जातात होय? साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, डबेच्या डबे गेले. वार्ताहर पोचला तेव्हा उपोषणकर्त्यांची दुसरी वाढी चालू होती. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, 'उपोषणस्थळी फराळाची पंगत!'

नानांनी तडक संपादकांना निवेदन दिलं. 'उपासास फराळ चालतो ही आपली परंपरा असून आपण भाविकांच्या भावना दुखावल्या आहेत.' पण त्या दिवसापासून ते स्वतः मात्र सतरंजीवर पाण्याशिवाय काही घेईनात. शुगरवाल्यांची पाळी आली की त्यांना खोटंच दटावायचे, "तुमी आज घोषणा लई बारीक दिल्या, पाळी रद्द!" आणि त्यांच्या जागी स्वतः बसायचे.

चळवळ जोरात चालली. जोरात चालली की फुटायचीच. फोटोत मधे कोण उभं राहणार यावरून 'खरी' ठेवीदार संघर्ष समिती निघाली, तिच्यातून 'मूळ' निघाली. तिन्ही समित्या एकाच लिंबाखाली, तीन सतरंज्यांवर बसत. चहाचा थर्मास मात्र एकच होता. मग निवडणूक आली. एकामागून एक पुढारी आले, नाश्ता करून लाक्षणिक उपोषणाला बसले आणि जेवणाच्या वेळेला उठले. एका पक्षानं तर नानांना वॉर्डाचं तिकीटच देऊ केलं. नानांनी हात जोडले. "मी निवडून आलो तर सतरंजीवर कोण बसायचं?" लोकांना वाटलं, काय हा त्याग!

आमच्या सासूबाई या काळात पार बदलल्या. ठेव बुडाल्यावर भिंतीकडं तोंड करून पडून असणारी बाई आता गुडघ्याला पट्टा बांधून सकाळी तयार. भाजी निवडतानासुद्धा "घेतल्याशिवाय राहणार नाय" चालायचं. मेथीची जुडी बिचारी काय देणार होती!

आणि एक दिवस खरंच जिंकलो. चेअरमनची इमारत विकली गेली, पैसे वाटपाची तारीख लागली. गुलाल उधळला, तिन्ही समित्या गळ्यात गळे घालून रडल्या. नाना तेवढे सतरंजी झटकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या मागण्या काढल्या. व्याज मिळालंच पाहिजे. व्याजावर व्याज मिळालंच पाहिजे. संचालकांनी लेखी माफी मागितली पाहिजे. शेवटी, पतसंस्था बंद होती त्या वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं मिळाली पाहिजेत. लोक हसले. "पुरे की हो नाना!" म्हणाले आणि आपापले पैसे घेऊन घरी गेले.

पुढच्या सोमवारी, मी शिकवते ती शाळा सुटल्यावर, स्कूटीवरून येत होते. लिंबाखाली सतरंजी. फलकाचं एक टोक झाडाला, दुसरं सायकलला बांधलेलं. मधोमध नाना, एकटेच.

मी गाडी लावली. "नाना, अहो सगळ्यांचे पैसे मिळाले. तुमचे राहिले का?"

"माझे कुटले?"

"ठेवीचे हो."

"माझी ठेव नव्हतीच की तितं." त्यांनी सतरंजीची सुरकुती सारखी केली. "आमची ही गेली त्या महिन्यातली गोष्ट. घराचं कुलूप काढायला हात धजत नव्हता बघा. उगं फिरायचो. गर्दी दिसली म्हणून थांबलो. तुमच्या सासूबाई पायरीवर रडत बसल्या होत्या. त्यांना वाटलं, माझंबी बुडालं. सरकून जागा दिली, म्हणाल्या, बसा नाना. मी बसलो. पुढं कुणी इचारलं न्हाय, मीबी सांगितलं न्हाय."

मला रडू आलं आणि रागही आला. घरोघरी टीव्हीपुढं पाय पसरून बसलेल्या आमच्या यच्चयावत विजयी ठेवीदारांचा राग. मी बाजूला जाऊन घरी फोन लावला.

"आई, नाना लिंबाखाली एकटेच बसलेत."

"एकटे? आज पाळी कुणाची?"

"पाळी कसली आता? संपलं ना सगळं."

पलीकडं टीव्हीचा आवाज बंद झाला. मग, "ठेव फोन, रिक्षा बघते."

त्या आल्या. गुडघ्याचा पट्टा घाईत साडीवरूनच बांधलेला. नाना धडपडत उठले, सवयीनं मूठ वर केली. "कोण म्हणतो देणार नाय..." आणि तिथंच अडकले. घ्यायचं काही उरलंच नव्हतं.

"ते राहू द्या नाना," सासूबाई म्हणाल्या. "आधी सरका, मला बसू द्या."

एवढी मोठी सतरंजी, सगळी रिकामी. तरी नाना अगदी काठापर्यंत सरकले.