बोलकी नळी आणि जानरावांचे समाधान

अमरावतीच्या एका विलायती कापूस कंपनीने आपल्या इमारतीत बोलकी नळी बसवली, त्याला सबळ कारण होते. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसाचा भाव आभाळाला भिडला होता आणि शेतकरी थेट साहेबाच्या मेजापुढे उभे राहून बोलू लागले होते. बोलणे बंद करायचे तर आधी त्याची सोय केली पाहिजे, असे साहेबाचे मत पडले. मग दारापासून प्रत्येक खोलीत पत्र्याची नळी गेली, आणि थोरले कारकून मोरोपंत यांनी नळी-व्यवहाराची परिभाषा सिद्ध करून दाराशी फळ्यावर लावली.

फाल्गुनातल्या एका दुपारी वलगावचे जानराव त्या दारात धावत आले. त्यांची कापसाची गाडी कंपनीच्या आवारात तोलाईसाठी उभी होती. गाडीवर बायको सुभद्रा बसली होती, आणि शेजारच्या रुईच्या गंजीतून धूर येत होता.

"पंत, गंजीतून धूर निंगून राहिला! मानसं पाठवा, पानी पाठवा!"

मोरोपंतांनी टाक खाली ठेवला. "नळीतून बोला, पाटील. तोंडी सांगणे बंद झाले आहे."

"अवो, मी तुमच्या पुढंच उभा हावो ना!"

"तीच अडचण आहे. विक्रीसाठी एक टिचकी मारा, तोलाईसाठी दोन, तक्रारीसाठी तीन."

"अन् आगीसाठी?"

मोरोपंतांनी फळा पुन्हा वाचला. आगीचा उल्लेख नव्हता. आग ही तक्रार खरी. पण जानरावांचे स्वतःचे अद्याप काही जळाले नसल्याने तक्रार करणे उतावीळपणाचे ठरले असते. दोन टिचक्या ठरल्या.

"तोलाई," नळी म्हणाली. "धूर तोललेल्या मालातून येतो की न तोललेल्या?"

"तोललेल्या!"

"मग तो गुदामाचा. वळते करतो."

'वळते करणे' म्हणजे बोलणाऱ्यास योग्य माणसाकडे सन्मानाने पोचवणे, असे फळ्यावर लिहिले होते. नळीत खडखड झाली आणि पाठोपाठ सनई वाजू लागली.

"हे काय होय?"

"धारण," मोरोपंत म्हणाले. "नुसता ताटकळत ठेवला की माणूस चिडतो. धारणेत ठेवला की रमतो. माडीवर खास सनईवाला नेमला आहे."

सनई मध्येच थांबली. "आपली हाक आम्हांस मोलाची आहे. आपण ओळीत चौथे आहात." सनई पुन्हा सुरू झाली.

खिडकीतून काळा लोट दिसू लागला. जानराव दाराकडे वळले. ते नळी सोडणार, तोच मोरोपंत कळवळून म्हणाले, "आता गेलात तर पुन्हा शेवटून सुरुवात, पाटील."

एवढा वेळ उभे राहिलोच आहोत, असे जानरावांच्या मनात आले. ते थांबले. पुढे ते तिसरे झाले, मग दुसरे झाले, आणि खरे सांगायचे तर त्यांना थोडे बरेही वाटले.

अखेर गुदाम बोलले. "गुदामवाले जेवायला गेले आहेत. घंटेनंतर निरोप सांगा. कारकून तो लिहून पेटीत टाकील. पेटी सोमवारी उघडते."

घंटा झाली. "आग लागली!" जानराव ओरडले.

"थोडक्यात बोलल्याबद्दल आभारी आहोत."

तेवढ्यात सुभद्रा दारात उभी राहिली. पदर जळालेला, तोंड काजळलेले, हातात दोन्ही बैलांचे कासरे. "गाडी जळाली. बैल तेवढे मी सोडून आनले. तुमी इथं काय करून राहिले?"

"थांब वं," जानराव नळी कानाशी दाबून म्हणाले, "माही पाळी आत्ताच आली."

आवार सूर्यास्तापर्यंत जळत होते. चौकशीत असे निष्पन्न झाले की आगीच्या संपूर्ण काळात नळी एकदाही बंद पडली नव्हती. अकोल्याच्या शाखेने ताबडतोब तशीच नळी मागवली.

आठवड्याने कंपनीचा शिपाई एक छापील कागद घेऊन वलगावला आला. सेवेबद्दल अभिप्राय हवा होता. कागदावर दोन चौकटी होत्या: 'समाधान' आणि 'पूर्ण समाधान'.

"तिसरी चौकट कुठं हाये?" सुभद्रेने विचारले.

"त्यासाठी नळीतून बोलावे लागेल, बाई."

जानरावांनी क्षणभरही न दवडता 'पूर्ण समाधान'वर अंगठा उठवला. त्यांना हसणाऱ्या वाचकाने आपला अंगठा एकदा नीट पाहून घ्यावा. शाई अजून ओली असेल.