शेअर वर जात नाही, चढतो

आमच्या परळच्या चाळीत अण्णा परबांसमोर शेअर ‘वर गेला’ असं म्हणायची सोय नाही. “वर माणसां जातत,” ते म्हणतात. “शेअर चढता.” मी एकदा चुकून बोललो, तर मला अर्धाच चहा मिळाला.

अण्णा शेअरची पारख बांगड्यासारखी करतात. ही रीत मूळची त्यांच्या बायकोची, सुलभाकाकींची. कोळीण कितीही करवादली तरी काकी कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मासळी घेत नसत. काकी गेल्या आणि अण्णांच्या घरात मासळी यायची बंद झाली. कल्ले तेवढे राहिले. कुठल्याही कंपनीचं नाव काढा, अण्णा विचारणार, “कल्लो लाल आसा काय?” म्हणजे कंपनी खरंच कमावते, की नुसतीच मिरवते?

मध्यंतरी बाजार आपटला. कॉम्प्युटरवाल्या कंपन्या तर पार झोपल्या. भाव निम्म्यावर आल्याने मी खूश होतो.

“संध्याकाळचो बांगडोय स्वस्त गावता,” अण्णा म्हणाले. “ताजो आसता काय?”

मी शिकलेला माणूस असल्यामुळे ऐकलं नाही. घेतले. पुढे तेच शेअर असे उसळले, की मी चाळीत पेढे वाटले. अण्णांनी दोन पेढे खाल्ले आणि म्हणाले, “बर्फातलो बांगडोय ताठच आसता.” अशा माणसाला पेढे देऊ नयेत.

पण त्या तेजीत अण्णांच्या घरातले शेअरही चढले होते. एका कॉम्प्युटर कंपनीची बस आमच्या नाक्यावर थांबायची आणि त्यातली पोरं संध्याकाळी हसत उतरायची, एवढ्या अभ्यासावर काकींनी ते भिशीच्या पैशातून घेतले होते. इकडे अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोबाइल नाकाला लावला तरी अक्षर लागत नाही, आणि ऑपरेशन पैशावाचून अडलेलं.

मी म्हटलं, “अण्णा, एवढ्या भावाला कल्ले फिके पडले, असं तुम्हीच म्हणता ना? मग विका ते. डोळे करून घ्या.”

“खातां तिच्या नावावर आसा,” अण्णा म्हणाले. “विकूचे तर खातेवाल्यांका सांगूक लागात.”

“काय सांगायचं?”

“ती वर गेली म्हणान.”

“मग सांगू या की. मी येतो बरोबर. ते खातं बंद करतील, शेअर तुमच्या नावावर होतील.”

अण्णांनी सवयीने मोबाइलवर काकींच्या खात्याचं ॲप उघडलं आणि मोबाइल माझ्या हातात दिला. “वाच. माका आता दिसणा नाय.”

मी भाव वाचायला लागलो.

“तां नको. वरचां वाच.”

वर लिहिलं होतं, ‘नमस्कार, सुलभा’.

“तेका अजून म्हायत नाय,” अण्णा हळूच म्हणाले.

ऑपरेशनचा विषय मी पुन्हा काढणार आहे, पण त्या दिवशी जीभ रेटली नाही.

आता ऑफिसला निघालो की मी अण्णांच्या दारात थांबतो आणि त्यांच्या मोबाइलवर ते ॲप उघडून मोठ्याने वाचतो, “नमस्कार, सुलभा.”

आतून अण्णा म्हणतात, “हां.”

भाव ते विचारत नाहीत.